वध, हत्या, खून

पॅरिसच्या मेट्रोच्या नकाशात शहराच्या ईशान्य भागात 'जोरेस' नावाचे एक स्थानक आहे. १९१४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचे नाव वेगळे होते. वरच्या रस्त्यावरून ते पडलेले होते, आणि त्या रस्त्याच्या नावाचा अर्थ 'जर्मनी रस्ता' असा होता. ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. शत्रूच्या नावाचा रस्ता राजधानीत ठेवणे लोकांना सहन होईना. नुकताच गोळी घालून मारला गेलेला एक नेता नावासाठी हाताशी होता. जर्मनीचे नाव पुसून त्या जागी ज्याँ जोरेस यांचे नाव लागले.

जोरेस यांनी जर्मन तत्त्वज्ञान मूळ भाषेतून वाचले होते. ल्यूथर, कांट, फिख्टे आणि हेगेल यांच्यात जर्मन समाजवादाची मुळे शोधणारा एक प्रबंध त्यांनी लॅटिनमध्ये लिहिला होता. आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्यांनी या दोन देशांत युद्ध होऊ नये म्हणून खर्ची घातली आणि त्यापायीच त्यांचा जीव गेला. त्यांचा गौरव करताना शहराने त्यांच्याच नावाने जर्मनीचे नाव खोडले. असे करण्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही, एवढेच.

गेली काही वर्षे मी जोरेस यांच्या निवडक भाषणांचा आणि लेखांचा मराठी अनुवाद करते आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांचे छोटे चरित्र हवे म्हणून मी एक टिपण लिहिले होते. महिन्याभराने ते पुन्हा वाचायला घेतले, तर शेवटच्या परिच्छेदात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: '३१ जुलै १९१४ रोजी जोरेस यांचा वध झाला.'

हा शब्द मी विचार करून लिहिलेला नव्हता. गंभीर प्रसंगाला वजनदार संस्कृत शब्द हवा, या अनुवादकाच्या जुन्या सवयीने तो आला असणार. पण मराठीत 'वध' कोणाचा होतो? कंसाचा होतो, जरासंधाचा होतो. शाळेच्या इतिहासात अफझलखानाचा होतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात कीचकाचा होतो, आणि तो कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना समजत होते. सरकारलाही ते समजले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. 'वध' या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. मरणारा राक्षस असतो, मारणाऱ्याने कर्तव्य केलेले असते आणि गोष्ट तिथे संपते.

म्हणूनच ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला 'गांधीवध' म्हणणारे लोक आपल्या भाषेत आहेत. ते या शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा नीट जाणून तो वापरतात. गांधींवर गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे पुण्यातून निघणाऱ्या एका मराठी वृत्तपत्राचा संपादक होता. मराठीतून अनुवाद करणाऱ्या माणसाला ही गोष्ट विसरून चालत नाही. मी तो शब्द खोडला. पण त्या जागी कोणता शब्द घालायचा याचा निर्णय होईना, आणि तो होण्यासाठी जोरेस यांचे आयुष्य पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

ज्याँ जोरेस यांचा जन्म ३ सप्टेंबर १८५९ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या कास्त्र या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. आजूबाजूचे शेतकरी ऑक्सितान बोलत, आणि सरकारी शाळेच्या दृष्टीने ती भाषा नव्हती, नुसती गावंढळ बोली होती. शिष्यवृत्तीच्या बळावर जोरेस पॅरिसला गेले आणि १८७८ मध्ये 'एकोल नॉर्माल' या नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत पहिले आले. पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगाला माहीत झालेले आंरी बर्गसाँ त्यांच्याच वर्गात होते. नंतर आल्बी आणि तुलूज इथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि १८८५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते संसदेत निवडून गेले.

पॅरिसला गेलेल्या माणसाने ऑक्सितान मागे टाकली असती तर त्यात नवल नव्हते. जोरेस यांनी ती टाकली नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांशी ते तिच्यातच बोलत. १९११ मध्ये ते व्याख्यानांसाठी दक्षिण अमेरिकेला गेले. वाटेत लिस्बनच्या रस्त्यांवर त्यांना दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या आणि लोकांचे बोलणे कळू लागले. फ्रेंच अधिक ऑक्सितान, एवढ्या भांडवलावर थोड्याच दिवसांत पोर्तुगीज आणि स्पॅनिश समजते हे त्यांनी अनुभवले. परत आल्यावर शिक्षकांच्या एका नियतकालिकात त्यांनी याविषयी लिहिले. मुलाच्या तोंडी असलेल्या बोलीबद्दल त्याला लाजवू नका. ती फ्रेंचच्या शेजारी ठेवा, शब्दाशेजारी शब्द मांडा, कुठे जुळते आणि कुठे फिरते ते मुलालाच शोधू द्या, असे त्यांचे म्हणणे. लेखाचे शीर्षकच 'तौलनिक पद्धत' या अर्थाचे आहे.

तौलनिक साहित्यात एम. ए. केलेल्या मला हा लेख खूप उशिरा सापडला. माझे बालपण इंदूरमधल्या मराठी घरात गेले. चौथीत हिंदीच्या निबंधात मी लिहिले होते की बाई शिक्षा करतात म्हणून त्यांची भीती वाटते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. सगळा वर्ग हसला आणि 'हिंदी में मराठी मत मिलाओ' अशी ताकीद मिळाली. जोरेस यांच्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षकाने फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले असते आणि एकच शब्द दोन घरांत असा वेगळा का वाढला असेल, असे आम्हाला विचारले असते. परकी भाषा कानांवर पडली की घाबरायचे नाही, आपल्या भाषेची खूण तिच्यात शोधायची, ही सवय जोरेस यांना शाळेत रुजवायची होती. त्यांच्या राजकारणाचा पायाही मला तिथेच दिसतो.

ते समाजवादी झाले ते पुस्तकांमुळे आणि कार्मोमुळेही. कार्मो हे कोळशाच्या खाणींचे गाव. १८९२ मध्ये तिथल्या कामगारांनी काल्विन्याक या खाणकामगाराला महापौर म्हणून निवडून दिले. महापौरपदाच्या कामासाठी तो गैरहजर राहतो म्हणून कंपनीने त्याला कामावरून काढले. मत देण्याचा अधिकार मिळाला, पण मत दिलेल्या माणसाला मालक घरी बसवू शकतो, हे कसले प्रजासत्ताक, असा प्रश्न जोरेस यांनी विचारला. संप झाला, काल्विन्याकला परत घ्यावे लागले, आणि १८९३ च्या जानेवारीत कार्मोने जोरेस यांना आपला प्रतिनिधी म्हणून संसदेत पाठवले. दोन वर्षांनी तिथल्या काचकामगारांचा संप झाला आणि तो फसला, तेव्हा कामगारांच्या स्वतःच्या मालकीचा काचकारखाना आल्बीत उभा करण्यात ते पुढे होते.

१८९८ मध्ये ते ड्रायफस प्रकरणात उतरले. कॅप्टन ड्रायफस हा ज्यू लष्करी अधिकारी खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवला गेला होता. श्रीमंत घरातल्या अधिकाऱ्याचे भांडण, त्यात कामगारांचे काय, असे पक्षातले बरेच लोक म्हणत होते. अन्यायाने चिरडला गेलेला माणूस अधिकारी राहत नाही, तो फक्त माणूस उरतो, ही जोरेस यांची भूमिका होती. लष्कराने पुढे केलेला एकेक कागद तपासून त्यांनी लेखमाला लिहिली. भाषाशिक्षक निबंध तपासतो तसे ते लेखन आहे: हे अक्षर कोणाचे, हे वाक्य कोण बोलेल, ही चूक कोण करेल.

१८ एप्रिल १९०४ रोजी त्यांनी 'ल्युमानिते' हे दैनिक सुरू केले. नावाचा अर्थ 'मानवता'. मराठी वाचकांचा या दैनिकाशी एक जुना संबंध आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी टाकली, फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवले आणि तरीही त्यांना ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले. तेव्हा राजकीय आश्रयाच्या हक्काचा प्रश्न 'ल्युमानिते'ने लावून धरला. त्यात मार्क्सचा नातू ज्याँ लाँगे आघाडीवर होता. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेले आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. सावरकर काही शांततावादी नव्हते. पण हक्क फक्त आपल्या मताच्या माणसासाठी मागायचा नसतो, हे त्या दैनिकाला ड्रायफस प्रकरणाने शिकवलेले होते. जोरेस स्वतःही शिकत गेले. तरुणपणी त्यांनी फ्रान्सच्या वसाहतींचे कौतुक केले होते. पुढे मोरोक्को गिळण्याच्या धोरणावर संसदेत सर्वांत कडक टीका त्यांनीच केली.

आता 'शांततावादी' या शब्दाकडे येते. जोरेस यांच्याबद्दल दोन ओळी लिहायच्या झाल्या की हा शब्द येतोच. भारतीय वाचकाच्या मनात त्याच्या मागोमाग 'अहिंसा' येते, आणि तिथे घोटाळा होतो. एका घरगुती बैठकीत मी अनुवादाचा काही भाग वाचून दाखवला, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी सरळ विचारले, "म्हणजे शत्रू आला तरी लढायचे नाही, असे ते म्हणत होते का?"

नाही, असे ते म्हणत नव्हते. १९११ मध्ये त्यांनी 'नवी सेना' या अर्थाच्या नावाचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. बराकीत वर्षानुवर्षे कोंडलेल्या फौजेऐवजी सगळ्या नागरिकांना थोड्या काळात शिकवलेली, घरी राहणारी, गरज पडली तर उठणारी सेना असावी, असा प्रस्ताव त्यात आहे. अशी सेना देशाचे रक्षण करील, पण दुसऱ्याच्या देशावर चालून जायला ती सहजासहजी तयार होणार नाही, असा त्यामागचा हिशोब होता. देशावरचे प्रेम आणि इतर देशांशी बंधुभाव यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. एक खोल गेले की दुसऱ्याला जाऊन मिळते, असे ते मानत.

त्यांच्या लेखी शांतता हे काम होते. त्याची अवजारे त्यांनी वर्षानुवर्षे मांडली: देशादेशांतली भांडणे लवादाकडे नेण्याचे करार, गुप्त तहांना विरोध, दोन्ही देशांच्या संसदांतून एकाच वेळी दबाव, आणि सगळे थकले तर दोन्ही बाजूंच्या कामगारांचा एकाच वेळी संप. १९१३ मध्ये सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षे करण्याचा कायदा आला. त्याविरुद्ध पॅरिसच्या वेशीवरच्या प्रे-सँ-जेर्व्हे इथे २५ मे रोजी प्रचंड सभा झाली. त्या दिवसाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. डोक्यावर गोल टोपी घातलेले दाढीवाले जोरेस एका हाताने झेंड्याची काठी धरून उंचावरून बोलत आहेत. ध्वनिवर्धक नव्हता. हजारो माणसांपर्यंत पोचायला त्यांच्याजवळ फक्त स्वतःचा आवाज होता.

त्यांच्या एका प्रसिद्ध उपमेने मला फार छळले. १८९५ च्या मार्चमध्ये संसदेत बोलताना ते म्हणाले होते की तुमचा हा हिंसक, विस्कटलेला समाज शांत दिसतो तेव्हाही निजलेल्या ढगासारखा पोटात वादळ बाळगून असतो. हे वाक्य आज 'भांडवलशाही ढगासारखी युद्ध वाहून आणते' अशा आखूड रूपात फिरते. मूळ वाक्यात ती घोषणा नाही, 'निजलेला' हा शब्द मात्र आहे, आणि सगळा अर्थ त्याच्यातच आहे. पण मराठीत ढग दिसला की शेतकऱ्याचा जीव खाली पडतो. ढग ही आपल्याकडची आशा आहे. 'मळभ' म्हणावे तर त्यात उदासी आहे, धोका नाही. शेवटी मराठवाड्यातल्या एका मैत्रिणीने फोनवर वाट दाखवली: द्राक्षे किंवा गहू काढणीला आला असताना मार्चमध्ये येणारा, गारांचा ढग. तो दिसला की गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. तसा ढग जोरेस दाखवत होते, आणि योगायोगाने महिनाही मार्चचाच होता. अनुवादात मी 'गारांचा निजलेला ढग' लिहिले आहे. 'गारा' मूळात नाहीत, ही माझी भर आहे आणि तिची टीप मी देणार आहे.

ढग दाखवणारा माणूस लोकांना नकोसा होतो. राष्ट्रवादी वृत्तपत्रे जोरेस यांना 'हेर जोरेस' म्हणू लागली. 'हेर' म्हणजे जर्मन भाषेतले 'श्रीयुत'. एका जर्मन शब्दाने माणूस परका करून टाकण्याची ही युक्ती होती. मराठीत तोच शब्द गुप्तचराचा अर्थ देतो, आणि फ्रेंच वाचकालाही नेमके तेच सुचवायचे होते. ड्रायफस प्रकरणात त्यांच्या बाजूने उभा राहिलेला कवी शार्ल पेगी शेवटच्या वर्षांत त्यांना जर्मनीचा हस्तक ठरवू लागला. १९१४ च्या जुलैमध्ये एका उजव्या दैनिकात लिहिले गेले की आम्ही कोणाला राजकीय खुनाला उद्युक्त करू इच्छित नाही, पण जोरेस यांनी थरथर कापावे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. पहिल्या अर्ध्यात कायद्यापुरती सुटका आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात पत्ता दिलेला आहे. वधासाठी आधी राक्षस लागतो, आणि तो पिस्तुलाने घडवता येत नाही, वाक्यांनी घडवावा लागतो.

त्या जुलैचा शेवटचा आठवडा असा गेला. २५ तारखेला ल्याँमधल्या वेझ इथे जोरेस यांनी एका पोटनिवडणुकीच्या सभेत युरोपवर येणाऱ्या कत्तलीचे वर्णन केले. त्यात फ्रान्सच्या मोरोक्को-धोरणाचा दोषही त्यांनी लपवला नाही. २९ तारखेला ब्रुसेल्समध्ये समाजवादी आंतरराष्ट्रीय संघटनेची बैठक झाली. रोझा लक्झेंबर्ग तिथे होत्या, जर्मन पक्षाचे हुगो हासे होते. संध्याकाळच्या सभेत जोरेस यांनी हासे यांच्या खांद्यावर हात ठेवला. ऑगस्टअखेर व्हिएन्नात भरायचे अधिवेशन ९ ऑगस्टला पॅरिसमध्ये घ्यायचे ठरले. अजून दहा दिवस हाती आहेत, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. फ्रेंच सरकारच्या हेतूंवरही त्यांनी त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त विश्वास दाखवला. थोर माणसाचा अंदाज चुकला तर ते लिहून ठेवावे, त्याने तो लहान होत नाही.

३१ जुलैला संध्याकाळपर्यंत ते मंत्र्यांच्या मागे लागलेले होते. रशियाला आवरा, ब्रिटनच्या मध्यस्थीला वेळ द्या, हे सांगत होते. रात्री दैनिकाच्या कचेरीत परतले. दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी मोठा लेख लिहायचा होता, त्याआधी जेवून घ्यावे म्हणून सगळे जवळच्या 'कॅफे द्यू क्र्वासाँ'मध्ये गेले. उकाडा होता, खिडकी उघडी होती आणि तिच्याकडे पाठ करून ते बसले होते. एका ओळखीच्या पत्रकाराने आपल्या लहान मुलीचा फोटो त्यांना दाखवला. पावणेदहाच्या सुमारास खिडकीच्या पडद्याआडून दोन गोळ्या सुटल्या. मारणारा राऊल विलँ अठ्ठावीस वर्षांचा होता, पुरातत्त्वाचा विद्यार्थी. आल्सास-लोरेन जर्मनीकडून परत घेण्यासाठी काढलेल्या एका तरुण संघटनेचा तो सभासद होता. त्याचे जोरेस यांच्याशी वैयक्तिक वैर काहीच नव्हते. त्याने जोरेस वृत्तपत्रांत वाचलेले होते.

दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये सार्वत्रिक सैन्यभरतीचा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला जर्मनीने युद्ध पुकारले. ४ ऑगस्टला सकाळी जोरेस यांची अंत्ययात्रा निघाली. कामगार संघटनेचे चिटणीस लेआँ जुओ यांनी शवपेटीसमोर भाषण केले, आणि युद्धाचा द्वेष करता करता ते भाषण युद्धावर निघण्याच्या तयारीपाशी पोचले. त्याच दुपारी संसदेत जोरेस यांच्या पक्षाने युद्धखर्चाला एकमुखाने मंजुरी दिली. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हासे यांच्या पक्षानेही दिली. महिना संपण्याआधी फ्रेंच समाजवाद्यांचे दोन नेते युद्धमंत्रिमंडळात होते.

जोरेस जिवंत असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. देशावर आक्रमण झाले तर रक्षण करावे, असे ते मानत होते, तेव्हा त्यांनीही हात वर केला असता असे म्हणणारे अभ्यासक आहेत. असेलही. पण हात वर करून ते गप्प बसले असते, असे मला त्यांची भाषणे वाचून वाटत नाही. मेलेल्या जोरेस यांच्याकडून लगेच, विनाअट सही घेता आली. जिवंत माणसाने प्रत्येक महिन्याला हिशोब मागितला असता. पुढच्या चार वर्षांत फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक मेले. ५ सप्टेंबर १९१४ रोजी शार्ल पेगी आघाडीवर पडला. जोरेस यांचा एकुलता मुलगा लुई स्वखुशीने सैन्यात गेला आणि ३ जून १९१८ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मारला गेला.

विलँ युद्धभर तुरुंगात होता. खटला उभा राहिला तो विजयानंतर, १९१९ च्या मार्चमध्ये. खुनी कोण याबद्दल वाद नव्हता. कोर्टात चर्चा झाली ती जोरेस देशभक्त होते की नव्हते याची. त्यांच्या बाजूच्या वकिलांनीही ते किती देशभक्त होते हे सिद्ध करण्यावर भर दिला. म्हणजे शांततेसाठी झटणारा माणूस म्हणून न्याय मागण्याची सोयच उरली नव्हती. २९ मार्चला अकरा विरुद्ध एक मताने ज्यूरीने विलँला निर्दोष सोडले. फिर्यादी पक्ष म्हणून दाव्याचा खर्च जोरेस यांच्या विधवेवर, लुईज यांच्यावर पडला. नवरा गेला होता, मुलगा गेला होता, आणि वर बिल आले. त्याच महिन्यात, पंधरा दिवस आधी, एमिल कोतँ या तरुण अराजकवाद्याला पंतप्रधान क्लेमांसो यांच्यावर गोळ्या झाडल्याबद्दल मृत्युदंड ठोठावला गेला होता. क्लेमांसो वाचले होते. कोतँची शिक्षा पुढे कमी करण्यात आली, पण दोन निकाल शेजारी ठेवले की कोणाचा जीव किती तोलाचा ठरला ते दिसते. ६ एप्रिलला पॅरिसमध्ये निषेधाचा मोठा मोर्चा निघाला. 'वध' या मराठी शब्दाला कायद्याचे रूप द्यायचे झाले तर ते त्या निकालासारखे असेल.

विलँ पुढे स्पेनच्या इबिझा बेटावर जाऊन राहिला आणि १९३६ च्या सप्टेंबरमध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, प्रजासत्ताकवादी बाजूच्या लोकांकडून मारला गेला. या शेवटाला 'काव्यगत न्याय' म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला तसे म्हणवत नाही. १९०८ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून संसदेत कळकळीने बोललेला माणूस त्या न्यायाला आपले नाव देऊ देणार नाही. गांधींच्या दोन मुलांनी गोडसेला फाशी देऊ नका अशी विनंती केली होती, ते इथे आठवते.

जोरेस यांच्या वारशाची वाटणी पुढे चालूच राहिली. १९२० च्या डिसेंबरमध्ये पक्ष फुटला आणि 'ल्युमानिते' कम्युनिस्टांकडे गेले. २३ नोव्हेंबर १९२४ रोजी सरकारने त्यांचे अवशेष पाँतेआँमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांच्या समाधिमंदिरात नेले. कार्मोचे खाणकामगार सोबत होते, कम्युनिस्टांचा मोर्चा मागून वेगळा चालत होता. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्याच्या दिवशी मितेराँ यांनी त्या समाधीवर गुलाब ठेवला. २००७ च्या निवडणुकीत उजव्या बाजूचे सार्कोझी जोरेस यांचे नाव घेऊ लागले, आणि २००९ मध्ये तर अतिउजव्या पक्षाने जोरेस आज असते तर आम्हालाच मत देते असा फलक लावला. एकेकाळी ज्याला 'हेर' म्हटले त्याचा आता सगळ्यांना हेवा वाटतो. राक्षस करणे आणि पुतळा करणे, दोन्हींत माणूस काय म्हणत होता ते ऐकावे लागत नाही.

आपल्याला हा प्रकार परका नाही. गांधींचा चष्मा आपण भिंतीवर रंगवतो आणि त्याच भिंतीखाली उभे राहून 'वध' म्हणतो. म्हणूनच टिपणातल्या त्या एका शब्दासाठी मी इतके दिवस अडून बसले. 'हत्या' चालला असता. आज वृत्तपत्रे तोच वापरतात. पण ब्रह्महत्या, गोहत्या अशा जुन्या नात्यांमुळे त्याला पापाचा वास आहे, आणि मरणारा पवित्र होता की नाही हा वाद लगेच सुरू होतो. तो वाद मला नको होता.

उरला 'खून'. हिंदीत 'ख़ून' म्हणजे रक्त. मराठीत तोच शब्द पंचनाम्याचा झाला आहे. त्यात मरणारा संत आहे की देशद्रोही, याची चौकशी नाही. एका माणसाने दुसऱ्या माणसाला मारले आणि हा गुन्हा आहे, एवढेच तो सांगतो. जोरेस यांच्या पद्धतीने दोन्ही भाषा फळ्यावर लिहिल्या तर एकीकडे गुन्हा दिसतो, दुसरीकडे टेबलावर सांडलेले रक्त दिसते. १९१९ च्या कोर्टाला या दोनपैकी एकही दिसले नव्हते.

टिपणात आता असे वाक्य आहे: '३१ जुलै १९१४ रोजी रात्री पॅरिसमधल्या एका कॅफेत ज्याँ जोरेस यांचा खून झाला.' पुस्तक छापायला जाईपर्यंत ते तसेच राहील.